तेरणाकाठच्या मातीचे वय

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. गणेश विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे नुकतीच निजली होती. काही सेकंदांच्या हादऱ्यात किल्लारी, सास्तूर आणि तेरणाकाठची कितीतरी गावे भुईसपाट झाली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसे दगावली. प्रत्यक्षातील संख्या दहा हजारांच्या घरात असल्याचे अनेक अहवालांत नमूद आहे. भूकंपाची तीव्रता आधी ६.४ सांगितली गेली, पुढे ६.२ हा आकडा मान्य झाला. जगाच्या पाठीवर एवढ्या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी अनेक होतात. पण इतक्या स्थिर समजल्या गेलेल्या भूभागात, इतक्या उथळ केंद्राचा आणि इतका जीवघेणा भूकंप क्वचितच झाला असेल.

मदतकार्य ओसरल्यानंतर शास्त्रज्ञांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो ऐकायला साधा होता. येथे असे पूर्वी कधी घडले होते काय?

कागदोपत्री उत्तर मिळण्याजोगे नव्हते. किल्लारी परिसरातील अशा एखाद्या जुन्या भूकंपाची ठळक नोंद लिखित इतिहासात नव्हती. देशाच्या तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात रंगवलेला होता. माणसाची आठवण चार पिढ्यांपलीकडे जात नाही आणि दप्तर फार तर काही शतके मागे जाते. भूगर्भातील एखादा भ्रंश मात्र हजारो वर्षे स्वस्थ पडून राहू शकतो. तेव्हा उत्तर शोधायचे तर ते नदीकाठच्या गाळातच शोधावे लागणार होते, आणि गाळ काय सांगतो हे कळण्याआधी त्याचे वय किती हे ठरवावे लागणार होते. गेल्या तीन दशकांत लातूर-नांदेडच्या मातीवर जे संशोधन झाले, त्यातील मोठा भाग या एका खटपटीभोवती फिरतो.

दरड वाचण्याची विद्या

मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या नद्यांच्या काठाने पायी फिरणाऱ्याला उंच दरडी ओळखीच्या असतात. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे पांढरे खडे, मध्येच वाळू-गोट्यांचा पट्टा आणि तळाशी मुरूम किंवा काळा पाषाण. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा विहिरीचा हिशेब असतो. कोणत्या थराला पाणी लागेल, कुठे सुरुंग लावावा लागेल. भूशास्त्रज्ञ तीच दरड खालून वर वाचतो. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, हा त्याचा पहिला नियम. गोट्यांचा पट्टा वेगवान पुराची खूण सांगतो, बारीक गाळ संथ पाण्याची, आणि चुनखडीचे खडे बहुधा कोरड्या, कमी पावसाच्या काळाची.

या वाचनाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शरद राजगुरू यांनी पुरातत्त्वाच्या जोडीने नदीच्या गाळाचा अभ्यास आयुष्यभर केला. त्यांनी आणि पुणे विद्यापीठातील भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी १९८७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दख्खनच्या वायव्य पठारावरील नद्यांचा इतिहास मांडला. त्याचे सार असे की, शेवटच्या हिमयुगाच्या उत्तरार्धात, सुमारे सतरा हजार ते दहा हजार वर्षांपूर्वी, मान्सून दुबळा होता. नद्यांच्या अंगात गाळ वाहून नेण्याचे बळ नव्हते आणि पात्रे गाळाने भरत गेली. पुढे मान्सून बळावला तेव्हा त्याच नद्यांनी स्वतःच साठवलेला गाळ कापून काढला. आज दिसणाऱ्या उंच दरडी बऱ्याच अंशी त्या कापणीच्या आहेत. म्हणजे भरणी दुष्काळाची आणि कापणी पावसाची! सर्वसाधारण समजुतीच्या हे अगदी उलट आहे.

तेरच्या काठावरील वळ्या

किल्लारीच्या वायव्येस, त्याच तेरणेच्या वरच्या अंगाला तेर हे गाव आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले ‘तगर’ ते हेच. सातवाहनकाळी येथून माल भडोचच्या बंदराकडे जात असे. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांत आजही खापरे, मणी आणि विटा सापडतात. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्यातील वेचक वस्तू पाहावयास मिळतात.

तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर अर्थ सायन्स स्टडीज या संस्थेतील सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीबरोबर तेरचीही पाहणी केली. नदीकाठच्या गाळात त्यांना थरांना पडलेल्या वळ्या, बाक आणि सरकलेल्या भेगा आढळल्या. ज्या थरांत ही मोडतोड दिसली, त्यांत जुन्या वस्तीचे अवशेष असल्याने वय काढण्यास आधार मिळाला. किरणोत्सारी कार्बनच्या चाचण्यांवरून ही घटना सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीची असावी, असा निष्कर्ष त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील बी. एस. सुखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली लातूरच्या भूकंपक्षेत्राजवळील अनेक ठिकाणांचा पुरावा मांडला. तोही साधारण दोन हजार ते दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या भूकंपाकडे बोट दाखवतो.

या निष्कर्षांचे मोल कळण्यासाठी त्या काळचा एक वाद लक्षात घ्यावा लागेल. लिओनार्दो सीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली असे मत मांडले की, किल्लारीचा भ्रंश नवा असावा. बेसॉल्टच्या थरांत त्याआधी फारशी सरक झाल्याचे दिसत नाही. त्याच वर्षी राजेंद्रन गटाने नेमके विरुद्ध मत दिले. त्यांच्या मते खाली दडलेला पुरातन भ्रंशच पुन्हा जागा झाला होता. हा वाद केवळ विद्वानांचा नाही. भ्रंश नवा असेल तर असा भूकंप दख्खनच्या पठारावर कुठेही होऊ शकतो आणि पूर्वसूचनेचा आधारच उरत नाही. भ्रंश जुना असेल तर तो शोधता येतो, नकाशावर आणता येतो, आणि दोन भूकंपांमध्ये किती काळ जातो याचा अंदाज तरी बांधता येतो. पंधराशे वर्षांपूर्वीचा तेरचा हादरा खरा असेल तर दुसऱ्या मताचे पारडे जड होते. म्हणूनच ‘पंधराशे’ हा आकडा किती पक्का, या प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

याच सुमारास हैदराबादच्या संस्थेने किल्लारी येथे ६१७ मीटर खोल वेधनविहीर घेतली. तेथे बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर निघाली. त्याखाली सुमारे आठ मीटर गाळ आणि त्याच्याही खाली कोट्यवधी वर्षांचा जुना पायाचा खडक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाने झाकलेली ती नदीकाठची किंवा तळ्याची जमीन असावी. भूकंपाचा शोध घेता घेता एवढ्या जुन्या गाळाची गाठ पडावी, हा योगायोग मोठा गमतीचा.

कोळसा, शिंपला आणि क्वार्ट्झचा कण

गाळाचे वय काढण्याची सर्वपरिचित रीत किरणोत्सारी कार्बनची. अमेरिकेतील विलार्ड लिबी यांनी ती १९४९ च्या सुमारास सिद्ध केली आणि १९६० साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत वनस्पती आणि प्राणी हवेतील कार्बन सतत घेत असतात. त्यात कार्बन-१४ चा अत्यल्प अंश असतो. जीव गेला की हा पुरवठा थांबतो आणि साठलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. उरलेला अंश मोजला की मृत्यूचा काळ कळतो. सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही.

मराठवाड्यात ही रीत वापरताना पहिली अडचण सामग्रीची येते. जुन्या गाळात कोळसा क्वचितच टिकतो. मिळतात ते गोड्या पाण्यातील शिंपले आणि चुनखडीचे खडे. पण शिंपला आपले कवच पाण्यात विरघळलेल्या चुन्यापासून बांधतो. त्या चुन्यात पुरातन कार्बन मिसळलेला असला तर शिंपला आहे त्याहून म्हातारा भासतो. चुनखडीचा खडा तर एकदा तयार होऊन थांबत नाही. दर पावसाळ्यात त्यावर नवे पुट चढते, त्यामुळे येणारे वय ना पहिल्या पुटाचे असते ना शेवटच्या. झाडाची मुळी खोलवर गेली असेल तर उलट फसगत होते आणि जुना थर नवा दिसू लागतो. नमुना निवडणाऱ्याची नजर चुकली तर प्रयोगशाळेतील यंत्र कितीही महागडे असले तरी उपयोग नाही.

दुसरी रीत अधिक चमत्कारिक आहे. तिला ल्युमिनेसन्स म्हणजे प्रदीपन पद्धती म्हणतात. वाळूचा कण पाण्याबरोबर वाहत असताना उन्हात न्हाऊन निघतो आणि त्यात आधी साठलेली ऊर्जा पुसली जाते. पुढे तो गाळाखाली गाडला गेला की त्याचा अंधार सुरू होतो. आसपासच्या मातीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचा अत्यंत सौम्य किरणोत्सर्ग त्याच्यावर वर्षानुवर्षे पडत राहतो आणि कणाच्या स्फटिकरचनेतील सापळ्यांत इलेक्ट्रॉन अडकत जातात. प्रयोगशाळेत त्या कणावर ठरावीक प्रकाश टाकला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि कण क्षणभर मंद उजळतो. उजेड जितका अधिक, तितका अंधारवास मोठा. हिशेब मग भागाकाराचा. समजा, कणाने एकूण ३० ग्रे इतका किरणमात्रा-साठा केला आहे आणि त्या मातीत दर हजार वर्षांना ३ ग्रे मिळतात, तर तो दहा हजार वर्षांपूर्वी गाडला गेला. कॅनडातील डेव्हिड हंटली आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने ही मोजणी करण्याची रीत १९८५ साली मांडली. भारतात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांनी या विद्येचा पाया घातला, आणि देशातील अनेक नद्यांच्या व वाळवंटांच्या गाळाची वये तेथूनच निघाली.

नमुना घेण्याची पद्धतही त्यामुळे आगळी आहे. दरड प्रथम हातभर आत खरवडून ताजी केली जाते, मग पोलादी किंवा अपारदर्शक नळी आडवी ठोकून भरली जाते आणि दोन्ही तोंडे काळ्या कापडाने, चिकटपट्टीने बंद करून नेली जातात. उन्हाची एक तिरीप आत गेली की त्या टोकाची माती बाद. नळी उघडायची ती प्रयोगशाळेच्या लाल दिव्याच्या अंधुक खोलीत. जुन्या फोटो स्टुडिओतील डार्करूम ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती लगेच ओळखीची वाटेल.

परंतु दख्खनने येथेही एक पेच घालून ठेवला आहे. या रीतीला सर्वांत विश्वासू साक्षीदार लागतो तो क्वार्ट्झ, आपली नेहमीची गारगोटी. बेसॉल्ट हा खडक मात्र क्वार्ट्झविना बनलेला असतो. काळ्या पाषाणाच्या मुलखातून वाहणाऱ्या तेरणेच्या गाळात क्वार्ट्झचे दाणे शोधावे लागतात. जे मिळतात ते बहुधा वाऱ्याने दुरून आणलेले किंवा पाषाणाच्या पोकळ्यांतील गारांचे तुकडे. पर्याय उरतो फेल्डस्पार या खनिजाचा. तो बेसॉल्टमध्ये विपुल असला तरी ज्वालामुखीय फेल्डस्पारला गळतीची खोड आहे. साठवलेली ऊर्जा तो अंधारातही हळूहळू गमावतो, म्हणून येणारे वय कमी भरते आणि त्यात दुरुस्ती करावी लागते. दुरुस्ती आली की अंदाज आला, आणि अंदाज आला की वाद.

नांदेड जिल्ह्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. दख्खनच्या पाषाणाची पूर्वेकडील सीमा याच जिल्ह्यातून जाते. देगलूर, बिलोली, मुखेड, किनवट या भागांत बेसॉल्टचे पांघरूण संपून त्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. मांजरा तर बीदर आणि तेलंगणच्या ग्रॅनाइटी मुलखाला वळसा घालून परत नांदेडच्या हद्दीवर येते. त्यामुळे तिच्या खालच्या टप्प्यातील वाळूत क्वार्ट्झ भरपूर. बिलोलीकडच्या मांजरेच्या लाल वाळूला बांधकामात मोठी मागणी आहे, ती याच कठीण दाण्यांमुळे. ज्या गुणासाठी संशोधक ती वाळू मोलाची मानतो, त्याच गुणासाठी कंत्राटदारही.

काळी माती बोलते आणि खोटेही बोलते

मराठवाड्याच्या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला पुरता ठाऊक आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि एप्रिल-मे महिन्यात माणसाचा हात सहज जाईल एवढ्या भेगा तिला पडतात. वरची भुसभुशीत माती, पालापाचोळा, कधी खापराचा तुकडा त्या भेगांत पडतो; पहिल्या पावसात भेग मिटते आणि वरचे ते खाली गाडले जाते. हे दरवर्षी चालते. अशा रीतीने ही माती स्वतःला आतून नांगरत असते. परिणामी, तीन-चार फूट खोलीवर मिळालेला कोळशाचा कण त्या खोलीच्या काळाचाच असेल, याची हमी देता येत नाही.

याहून अवघड फसगत भूकंपाच्या खुणांबाबत होते. फुगणाऱ्या मातीचे गोळे एकमेकांवर घासून गुळगुळीत, चकचकीत पृष्ठे तयार होतात आणि थर वाकल्यासारखे, सरकल्यासारखे दिसू लागतात. नवख्याला ती भूकंपाची खूण वाटावी. म्हणून भूकंपाचा दावा करणाऱ्याला वाकलेला थर दाखवून भागत नाही. तशीच मोडतोड दूरवरच्या अनेक दरडींत एकाच वयाच्या थरात आहे, वरचा थर मात्र अखंड आहे, असे सिद्ध करावे लागते. एकाच काळाच्या खुणा विस्तृत प्रदेशात सापडल्याच्या दाव्याला वजन मिळते ते यामुळे.

वयांच्या वादाची महाराष्ट्राला सवय आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, असे राखेच्या रासायनिक घडणीवरून काहींनी सांगितले. किरणोत्सारी मोजणी करणाऱ्या इतरांनी ती काही लाख वर्षे, एका गटाने तर दहा लाखांहूनही अधिक वर्षे मागे नेली. शेजारच्या बुलढाण्यातील लोणार विवराचे वय १९९७ साली प्रदीपन पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते. २०११ साली आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहापटींहून अधिक फरक! पहिल्या अभ्यासकांचे गणित चुकले असे नव्हे. दोन्ही रीती वेगवेगळे घड्याळ वाचतात आणि घड्याळ केव्हा सुरू झाले याचे गृहीतक वेगळे असते. तेरच्या पंधराशे वर्षांकडेही याच सावध नजरेने पाहणे भाग आहे.

विष्णुपुरीतील भूशास्त्र संकुल

किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभरात, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. विष्णुपुरी येथील विद्यापीठ परिसरातील भूशास्त्र संकुलाच्या वाट्याला अभ्यासविषय जणू दारात चालून आला. २००६-०७ पासून पुढची काही वर्षे नांदेड शहराला लहान लहान धक्क्यांनी हैराण केले. जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांनी लोक रात्री घराबाहेर येत. हैदराबादच्या संस्थेने तेथे यंत्रे बसवून धक्क्यांमागील भ्रंशाचा शोध घेतला आणि २०१२ साली तो अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात विद्यापीठाचे आर. डी. कापले, टी. विजयकुमार आणि सहकाऱ्यांनी नांदेड परिसरातील बेसॉल्टच्या थरांतील विरूपणाच्या प्रत्यक्ष खुणा नोंदवल्या.

२०१७ साली कापले, परभणीचे मोहम्मद बाबर आणि मुंबईच्या आयआयटीतील सौम्यजित मुखर्जी आदींनी नांदेडभोवतीच्या भूरूपांचा विस्तृत अभ्यास लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथात मांडला. किनवटच्या ग्रॅनाइटमधील पूर्व-पश्चिम दिशेच्या सरकीवरचा शोधनिबंधही त्याच वर्षीचा. किनवटचे महत्त्व असे की, किल्लारीत तीनशे मीटरहून अधिक पाषाणाखाली दडलेला जुना पाया येथे उघड्यावर पाहता येतो, हात लावता येतो.

अशा अभ्यासात नदी हीच मुख्य साक्षीदार असते. जमिनीचा एखादा तुकडा शतकानुशतके अगदी मंद गतीने उचलला जात असला तर माणसाला ते कळत नाही. पण नदीला कळते. ती अचानक काटकोनात वळते, एका काठाने खोल कापत जाते, सरळ रेषेत धावू लागते किंवा तिच्या दोन काठांवरील जुन्या गाळाच्या पातळ्या जुळेनाशा होतात. टोपोशीट, उपग्रहाची छायाचित्रे आणि मग महिनोन्महिने काठाकाठाने पायपीट, असा हा क्रम आहे. नदीचे वळण कुठे बिघडले ते नकाशा सांगतो. केव्हा बिघडले ते मात्र गाळाच्या वयाशिवाय कळत नाही.

या प्रश्नाची निकड अलीकडे पुन्हा जाणवली. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि त्याच वर्षी १० जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड, परभणी आणि हिंगोली या तिन्ही जिल्ह्यांना जाणवले. किल्लारीलाही मुख्य भूकंपाच्या आधी, १९९२ च्या ऑगस्टपासून छोटे धक्के बसत होते. म्हणून प्रत्येक छोट्या धक्क्यामागे मोठा येतोच असे नाही. नांदेडचे धक्के काही वर्षांनी शमले. फरक कशामुळे पडतो, याचे उत्तर पुन्हा त्या त्या भ्रंशाच्या पूर्वेतिहासात आहे.

हत्ती, पाणघोडे आणि समुद्रातला मराठवाडा

भूकंपाच्या शोधासाठी वाचलेला गाळ इतरही बरेच सांगतो. डेक्कन कॉलेजचे विजय साठे यांनी लातूर जिल्ह्यातील मांजरेकाठी हरवाडीसारख्या ठिकाणी केलेल्या शोधांत हत्ती, पाणघोडा, रानबैल, मगर, कासव अशा प्राण्यांचे जीवाश्म पुढे आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या परिसरात एके काळी पाणघोडे डुंबत होते, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. बारमाही डोह, काठाने गवताळ राने असे ते चित्र. ते केव्हा बदलले, हाही पुन्हा वयाचाच प्रश्न.

मराठवाड्याच्या मातीचा एक भाग तर मराठवाड्यात नाहीच. २००६ साली गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरातून गाळाची लांबलचक नळकांडी वर काढण्यात आली. लिव्हियू जिओसान आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली त्यांवरून असे दाखवले की, गेल्या काही हजार वर्षांत मान्सून दुबळा होत गेला, झाडोरा विरळ झाला, शेती पसरली आणि दख्खनच्या काळ्या मुलखातून वाहून येणारी माती झपाट्याने वाढली. लोणार सरोवराच्या तळातील गाळानेही सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या आणि त्यानंतर २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणांची साक्ष दिली आहे. तेरची व्यापारपेठ ओसरली तो काळ आणि हे दुसरे अवर्षण यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तेवढा नेमका पुरावा अजून हाती नाही.

पुरावा विटांच्या भट्टीत

हे सारे संशोधन ज्या दरडींवर उभे आहे, त्या दरडीच आता कमी होत चालल्या आहेत. वीटभट्ट्यांना नदीकाठची बारीक गाळाची माती लागते, यंत्रांनी होणारा वाळू उपसा पात्रापुरता न थांबता काठ पोखरतो. पांढरीच्या टेकाडांची माती तर पिढ्यान्‌पिढ्या माळवदावर घालण्यासाठी आणि शेतात खत म्हणून नेली जात आली आहे. त्यात गैर काही नव्हते. गरीब माणसाचे छप्पर तिच्यावरच टिकले. मात्र किल्लारीत हीच जाड मातीची माळवदे आणि चिखलात रचलेल्या दुपदरी दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. भूकंपाने मारले त्याहून अधिक घरांनी मारले, असे भूकंप अभियंते म्हणतात ते खोटे नाही.

भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा २००२ साली सुधारण्यात आला तेव्हा पहिले क्षेत्र रद्द झाले आणि लातूरचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. घराची तुळई, कोपऱ्यांतील लोखंड, पट्टे यांचे नियम अशा नकाशावरून ठरतात. पण त्या सुधारणेला निमित्त झाले १९९३ चे, म्हणजे संकट आल्यानंतरचे. दुसऱ्या एखाद्या तालुक्याचा धोका संकटाआधी नकाशावर आणायचा असेल तर तेथील गाळात जुन्या हादऱ्यांच्या खुणा आणि त्यांचे वय सापडले पाहिजे.

तेथे अद्याप काम थोडे झाले आहे. तेरणा खोऱ्यात आजवर दोनच भूकंपांचा काळ सांगता येतो. एक १९९३ चा, तासा-मिनिटांसह. दुसरा सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचा, काही शतकांच्या फरकाने. दोन घटनांत एकच अंतर मिळते आणि एका अंतरावरून कोणताही नियम बांधता येत नाही. निदान तिसरी आणि चौथी घटना हवी. ती शोधण्यासाठी अधिक खोल चर, अधिक नळ्या आणि क्वार्ट्झचे अधिक दाणे लागतील. बालाघाटच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळेपर्यंत मांजरेने दोन्ही काठांवर साठवलेल्या गाळापैकी वय काढला गेलेला भाग फारच थोडा आहे, आणि उरलेला दर उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून थोडा थोडा निघून जात आहे.